पुस्तक तुमचं, फाइल कुणाची?

अकोल्यात आणि अमरावतीत सतत कुठं ना कुठं पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम सुरू असतो. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, आणि बाहेर टेबलावर विक्रीला मांडलेल्या प्रती. त्या प्रतींचे पैसे कुणी भरले हे सभागृहातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. लेखकानं भरले. कुणी ग्रॅच्युइटीतून, कुणी कपाशी विकून, कुणी घरखर्चातून वाचवून. स्वतःचं पुस्तक स्वतःच्या पैशानं काढण्यात काडीचा कमीपणा नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या उत्तराची वर्षानुवर्षं वाट पाहण्यापेक्षा ते कितीतरी स्वाभिमानाचं. माझा राग त्याच्या पुढच्या गोष्टीवर आहे. एवढा पैसा मोजून लेखकाच्या घरी येतात ते फक्त गठ्ठे. पुस्तक मागेच राहतं, डीटीपी करणाऱ्याच्या संगणकात, अशा रूपात की तो संगणक सोडून दुसरीकडं ते उघडत नाही. आणि लेखकाला त्याची खबरही नसते.

दर्यापूरकडचे एक निवृत्त गुरुजी वऱ्हाडी बोलीत कथा लिहितात. त्यांच्या संग्रहाची पहिली आवृत्ती संपली. वऱ्हाडात स्वखर्चानं काढलेलं पुस्तक संपणं ही साधी गोष्ट नव्हे. लोकांनी मागून मागून नेलं होतं. दुसऱ्या आवृत्तीसाठी ते अमरावतीला, जिथं पुस्तक जुळवलं होतं त्या दुकानात गेले तेव्हा मी सोबत होतो. ऑपरेटर मुलगा भला होता, त्यानं काही लपवलं नाही.

“फाइल कायले पाह्यजे सर तुमाले? तुमच्या घरी खुलनार नाई ते.”

“काहून नाई खुलनार? माहं पुस्तक हाय न बाप्पा.”

“पुस्तक तुमचं हाय सर, पन पेजमेकर लागते तिले. फॉन्ट बी आमचेच लागतेत. अन् खरं सांगू काय, तो जुना पीसी उडाला मागच्या उन्हाळ्यात. तुमच्या मेलवर पीडीएफ असंन तं पाहा.”

मेलवर पीडीएफ नव्हती. गुरुजींनी छापील प्रत समोर ठेवून सगळ्या कथा पुन्हा टाइप करायला दिल्या. पुन्हा पानामागे पैसे, पुन्हा प्रुफं, आणि पहिल्या आवृत्तीत नव्हत्या अशा नव्या चुका. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला जे शिकवलं ते तो करतो. दोष आहे तो या सगळ्याला नशीब समजून गप्प बसणाऱ्या लेखकांचा, आणि पंचवीस वर्षं जुन्या साधनांवर गिऱ्हाइकाचं पुस्तक अडकवून ठेवणाऱ्या धंद्याचा.

हे अडकतं कसं ते नीट समजून घ्या, कारण ते न समजल्यामुळंच लेखक नाडला जातो. पेजमेकर हा पानं जुळवण्याचा, १९८५ सालचा प्रोग्राम. त्याची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. नंतर कंपनीनं सगळा जोर इनडिझाइन या दुसऱ्या प्रोग्रामवर दिला आणि पेजमेकर तिथंच थांबला. त्याला युनिकोडची, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी, देवनागरी कळत नाही. म्हणून त्यात मराठी जुळवायला श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असे जुन्या घडणीचे फॉन्ट लागतात. या फॉन्टांत डोळ्यांना क दिसतो, पण संगणकानं साठवलेलं असतं एक इंग्रजी अक्षर. कृतीदेवात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की संगणकाच्या लेखी तिथं ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच असतं. श्रीलिपीत त्याच शब्दाची अक्षरं आणखी निराळी. फॉन्ट काढून घेतला की अख्ख्या कादंबरीचा रोमन अक्षरांचा भुसा होतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे सूची लावता येत नाही, मोबाइलवर मजकूर नेता येत नाही.

खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांकडून संगणकाकडं मराठी आली ती याच फॉन्टांच्या आधारानं, आणि त्या काळात त्यांनी मोठं काम केलं. पण देवनागरी युनिकोडात १९९१ मध्ये, पहिल्याच आवृत्तीत आली. विंडोज २००० पासून ती मंगल फॉन्टासह संगणकात बसलेली आहे. आज हातातला कुठलाही साधा मोबाइल युनिकोड मराठी लिहितो आणि वाचतो. म्हणजे अडचण संपून एक पिढी होत आली, आणि आपल्या चौकांतली दुकानं अजून त्याच अडचणीवर दर लावून बसली आहेत.

सगळ्यात संतापजनक प्रकार तर वेगळाच आहे. आजचा लेखक मोबाइलवर लिहितो. बोलून टाइप करतो, बोटानं टाइप करतो, पण ते युनिकोडात असतं, कुठंही वाचता येण्याजोगं, शोधता येण्याजोगं. हा चांगला मजकूर दुकानात जातो आणि तिथं कन्व्हर्टरमधून घालून पुन्हा कृतीदेवात किंवा श्रीलिपीत उलटवला जातो, कारण पेजमेकरला तोच घास गिळता येतो. कृतीदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार अक्षरानंतर येतो. उलटापालट करताना जोडाक्षरं सांडतात, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात, मध्येच आलेला इंग्रजी शब्द देवनागरीचा चिखल होऊन बसतो. मग लेखक लाल पेन घेऊन त्या चुका काढत बसतो. ज्या चुका त्यानं केल्याच नव्हत्या त्या दुरुस्त करायचे पैसेही तोच देतो. धड मजकूर जाणूनबुजून मोडायचा आणि मोडल्याची मजुरी मोडणाऱ्यालाच द्यायची, हा व्यवहार अमरावतीच्या बाजार समितीत कुणी एक दिवस चालू देणार नाही. पुस्तकांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो.

हे सगळं कुठं चाललंय? ज्या जिल्ह्यात रिद्धपूर आहे तिथं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून, पडताळून लीळाचरित्रात बांधल्या त्या याच मातीत. पुढं महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि मराठीचा हा ठेवा शतकानुशतकं पंथाबाहेरच्या वाचकाला बंद राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीनं त्या लिपीची किल्ली बाहेर आली. त्यानंतर कितीतरी अभ्यासकांनी पोथ्या ताडून पाठ ठरवले. वि. भि. कोलत्यांचं लीळाचरित्र १९७८ मध्ये आलं. एका ग्रंथासाठी एवढे श्रम पडले. महानुभावांनी लिपी बंद केली तेव्हा त्यांच्याजवळ कारण होतं, आपलं पवित्र धन त्यांना राखायचं होतं. आणि किल्लीही त्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली. आपण कुठल्याही कारणाशिवाय, निव्वळ आळसापोटी, वऱ्हाडचं आजचं लेखन बंद लिपीत घालतो आहोत, आणि किल्ली ठेवली आहे कधीही जळू शकणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं, २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, गावोगाव सत्कार झाले. त्या सत्कारांत वाटलेल्या पुस्तकांतलं किती वाङ्मय आणखी तीस वर्षांनी शोधता येईल, हा प्रश्न एकाही व्यासपीठावर मी ऐकला नाही.

आता लेखकांकडं वळतो. त्यांना मी दुकानदारांहून जास्त जबाबदार धरतो, कारण पुस्तक त्यांचं आहे.

माझ्याकडं वाचायला, दुरुस्त करायला वर्डच्या फाइली येतात. वर्डमध्ये परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं एक बटण आहे. फाइल उघडली की मी आधी ते दाबतो. परवा आलेल्या एका कादंबरीत ते दाबलं आणि पडदा टिंबांनी, खुणांनी काळा झाला. प्रकरणाचं नाव पानाच्या मध्यभागी आणायला स्पेसबार दाबत नेलेला. नवीन प्रकरण पुढच्या पानावर जावं म्हणून एंटर, एंटर, एंटर, खालपर्यंत. टाइपरायटरच्या सवयीनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर, म्हणजे वर्डच्या हिशेबानं प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र परिच्छेद. पानांचे आकडे हातानं टाइप केलेले. अनुक्रमणिकेत टिंबंटिंबं देऊन पुढं आकडा. ठळक केलेली शीर्षकं कुठं सोळाची, कुठं अठराची, कुठं अधोरेखित. आणि हे सगळं ए-फोर कागदावर. मी पानाचा आकार डेमी केला, साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि इमारत कोसळली. शीर्षकं उजवीकडं पळाली, ओळी मध्येच तुटल्या, प्रकरणं पानाच्या तळाशी सुरू झाली, अनुक्रमणिकेतला एक आकडा खरा राहिला नाही. स्पेसबारनं पान मांडणं म्हणजे धुऱ्यावर दगड न रोवता काड्या टोचून हद्द आखणं. पहिल्या पावसात हद्द जाते.

या लेखकाच्या कादंबरीतली माणसं खरी होती, संवाद कानाला लागणारे होते. त्या मजकुरावर त्यानं चार-पाच वर्षं घातली असतील. ज्या साधनानं तो रोज लिहितो ते साधन समजून घ्यायला त्यानं एक दुपार दिली नाही. सुताराला रंदा माहीत नसेल तर आपण त्याला दारात उभं करत नाही. लेखकाला मात्र “मला त्यातलं काही कळत नाही बुवा” हे अभिमानानं सांगायची मुभा आहे. वयाचं कारण तर मी ऐकूनच घेत नाही. हेच ज्येष्ठ लोक मोबाइलवर पैसे पाठवतात, सातबारा काढतात, नातवाशी व्हिडिओवर बोलतात, दिवसाला पन्नास संदेश पुढं ढकलतात. जमत नाही असं काही नाही. गरजेचं वाटत नाही, एवढंच.

गरजेचं काय आहे ते सांगतो. स्टाइल. वर्डमध्ये, आणि फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही, प्रत्येक परिच्छेदाला तो कोण आहे हे सांगता येतं. हे प्रकरणाचं शीर्षक, हा साधा मजकूर, ही कवितेची ओळ, हा उतारा. प्रकरणाच्या नावाला हेडिंग वन दिलं की त्या एका कृतीत चार कामं होतात: सगळी शीर्षकं एकसारखी दिसतात, स्टाइलमध्ये सांगून ठेवलं की प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर जातं, अनुक्रमणिका पानांच्या आकड्यांसह एका आज्ञेत तयार होते, आणि पुढं ई-बुक झालं की त्यातली बोट लावून उघडणारी सूचीही त्याच शीर्षकांतून बनते. साध्या मजकुराच्या स्टाइलमध्ये पहिल्या ओळीची माघार, दोन ओळींतलं अंतर आणि फॉन्ट एकदा ठरवला की चारशे पानांचा अवतार एका जागेवरून बदलतो. ज्यांना वर्डात फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर हलत नाही असा अनुभव येतो, त्यांनी स्टाइलच्या फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट हा वेगळा रकाना पाहावा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथं ठरतो; वरचा रकाना इंग्रजीसाठी आहे. हे एक वाक्य कुणी न सांगितल्यामुळं माणसं वर्डाला शिव्या देत पेजमेकरवाल्याकडं परत जाताना मी पाहिली आहेत.

छापील पुस्तकासाठी आणखी थोडं लागतं. लिहायला बसण्याआधीच पानाचा आकार डेमी करा. मिरर मार्जिन लावा म्हणजे डावं पान आणि उजवं पान एकमेकांचं प्रतिबिंब राहील, आणि बांधणीकडच्या बाजूला जास्तीची जागा सोडा. ती न सोडल्यामुळं शिवणीत गेलेले शब्द ओढून वाचावे लागतात. वाचनालयातल्या प्रती त्यामुळंच मधून उसवतात. मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका यांचा सेक्शन वेगळा करा म्हणजे अर्पणपत्रिकेवर पानाचा आकडा येणार नाही. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात होते, तेव्हा पानं त्या हिशेबात बसवली की शेवटी कोऱ्या पानांचा भुर्दंड पडत नाही. एवढं केलं की वर्डमधून पीडीएफ काढायची, तीत फॉन्ट आत बसले आहेत याची खात्री करायची, आणि सरळ छापखान्यात द्यायची. कादंबरी, कथा, आत्मचरित्र, लेखसंग्रह यांना एवढं पुष्कळ होतं.

“वर्डात पुस्तक सुबक होत नाही” असं म्हणणाऱ्या जाणकारांशी माझं भांडण नाही. चित्रांचं पुस्तक, बालसाहित्य, मांडणीवर जगणारी कविता कसबी माणसाकडंच गेली पाहिजे, आणि त्याच्या कसबाचे पूर्ण पैसे त्याला मिळाले पाहिजेत. पण त्यानं ते इनडिझाइनमध्ये, युनिकोडात करावं. इनडिझाइनला योग्य कंपोझर निवडून दिला तर देवनागरी नीट जुळते, आणि वर्डमधल्या स्टाइली तो जशाच्या तशा उचलतो. म्हणजे तिथंही लेखकाच्या स्वच्छ फाइलीचाच उपयोग होतो.

ई-बुकच्या नावानं तर शुद्ध फसवणूक चालते. ए-फोरची नाहीतर डेमीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरवायची आणि फलकावर लिहायचं, ‘ई-बुक प्रकाशित’. परतवाड्याहून अमरावतीला एसटीनं येणारा कॉलेजचा पोरगा ती मोबाइलवर उघडतो. अक्षर मुंगीएवढं. दोन बोटांनी मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, ओळ संपवायला पान सरकवावं, पुढच्या ओळीसाठी पुन्हा मागं आणावं. दुसऱ्या पानावर तो ती बंद करतो आणि आपण भाषणं करतो की तरुण वाचत नाहीत. ईपब या खऱ्या ई-बुकच्या फाइलीत मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणं स्वतः वाहतो, अक्षर वाचकाला हवं तेवढं होतं, रात्रीसाठी पान काळं करता येतं. लिब्रेऑफिस २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून थेट ईपब काढून देतं, एक पैसा न घेता. अॅमेझॉननं किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ मध्ये सुरू केली, आणि तिथं स्वतः पुस्तक टाकणाऱ्या लेखकाला वर्डची फाइल चालते, फक्त ती युनिकोडात हवी आणि शीर्षकांना हेडिंग दिलेलं हवं. एंटर आणि स्पेस मारून सजवलेली फाइल तिथं चढवली की मोबाइलवर अर्धाअर्धा पडदा कोरा दिसतो आणि शीर्षकं शब्दाशब्दाला तुटतात.

आणि एक वाचक असा आहे ज्याचा विचार आमच्या साहित्यिक मंडळींच्या मनात मी कधी पाहिला नाही. ज्याला दिसत नाही तो. मोबाइलमधला वाचक-आवाज युनिकोड मराठी वाचून दाखवतो. अंध मुलगी कानात यंत्र घालून अख्खी कादंबरी ऐकू शकते. कृतीदेवातून काढलेली पीडीएफ तिच्यापुढं आली की तो आवाज ई, जे, के करत सुटतो. एका फॉन्टाच्या हट्टापायी आपण तिला पुस्तकाबाहेर काढलं. ग्रामगीता आणि गाडगेबाबांचं कीर्तन ज्या जिल्ह्यानं दिलं, त्या जिल्ह्यातल्या लेखकाला हे लागलं पाहिजे.

विद्यापीठाच्या लोकांना सोडण्याचं कारण नाही. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या गुणांत आयएसबीएनच्या पुस्तकाला वजन आलं आणि पीएच.डी.च्या प्रबंधांना मुखपृष्ठं चिकटवून पुस्तकं निघायला लागली. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. लेखक-प्रकाशक म्हणून स्वतः अर्ज करता येतो, छापील आणि ई-आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक घेता येतो. तरी त्याच्यासकट ‘पॅकेज’ विकणारे आहेत आणि ते विकत घेणारे डॉक्टरेट मिळवलेले लोक आहेत. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतात, पण त्यांतले अनेक मराठी प्रबंध जुन्या फॉन्टांत किंवा पानांच्या छायाचित्रांत आहेत. वऱ्हाडी लोकगीतांवर, मेळघाटातल्या कोरकू कथांवर कुणी पाच वर्षं फिरून गोळा केलेलं साहित्य तिथं पडलेलं असतं आणि शोधणाऱ्याला एक शब्द टाकून सापडत नाही. मराठीचे प्राध्यापक याला ‘तांत्रिक बाब’ म्हणतात. ज्या माणसाचं पोट मराठी अक्षरावर चालतं त्याला मराठी अक्षर कसं साठवलं जातं हे माहीत नसणं ही तांत्रिक बाब होऊ शकत नाही.

अक्षराचाच मुद्दा निघाला तर वऱ्हाड हेच नाव घ्या. त्यातला अर्धा र मराठीला लागतो, दऱ्या, धुऱ्या, बिऱ्हाड यांतला. हिंदीला तो लागत नाही. युनिकोडात तो खालच्या टिंबाच्या ऱ ला हलंत जोडून लिहितात. काही कीबोर्ड साध्या र ला हलंत आणि त्यापुढं एक न दिसणारा जोडक घालून तसाच आकार काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधणाऱ्या संगणकाला दोन वेगळे शब्द. आणि ज्याला यातलं एकही माहीत नाही तो रफार देऊन ‘वर्हाड’ छापतो. अशी मुखपृष्ठं, अशा निमंत्रणपत्रिका मी अकोल्यात ढिगानं पाहिल्या आहेत. आपल्या प्रदेशाचं नाव आपल्याला लिहिता येत नाही आणि आपण बोलीच्या संवर्धनाचे ठराव करतो! वऱ्हाडी बोलीत लिहिणाऱ्यानं पुस्तक हातावेगळं करण्यापूर्वी सगळीकडं एकच रूप ठेवावं. शोधा-आणि-बदला ही आज्ञा त्यासाठीच आहे, दहा मिनिटांचं काम. फाइलीची भाषाही मराठी म्हणून नोंदवावी, कारण ज्या फॉन्टात दोन्ही वळणं आहेत तो ती खूण पाहून पाकळीचा ल आणि देठाचा श देतो. नाहीतर मराठी पुस्तकाला हिंदी वळणाची अक्षरं चिकटतात आणि ती का डाचतात हे वाचकाला सांगता येत नाही.

दुकानात जाणाऱ्या लेखकाला माझं सांगणं रोकडं आहे. काम देतानाच बोला: मजकूर युनिकोडात राहील, अंतिम प्रुफातल्या सगळ्या दुरुस्त्यांसह वर्डची किंवा इनडिझाइनची मूळ फाइल मला मिळेल, मुखपृष्ठाचीही मिळेल. ती घरच्या संगणकावर तुमच्या डोळ्यांसमोर उघडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. नाही म्हणणाऱ्या दुकानातून उठा. दोन हंगाम लेखक उठून गेले की तिसऱ्या हंगामात राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत सगळ्यांना युनिकोड येईल. गिऱ्हाईक मागत नाही म्हणूनच ते शिकत नाहीत.

आणि संस्थांनी शाली वाटण्यापलीकडं काही करावं. विदर्भ साहित्य संघ १९२३ च्या संक्रांतीला अमरावतीत स्थापन झाला. १९१२ चं साहित्य संमेलन अकोल्यात भरलं, हरिभाऊ आपटे अध्यक्ष होते. एवढा वारसा मिरवणाऱ्या प्रदेशात आज डझनांनी वाङ्मय पुरस्कार आहेत आणि प्रत्येकाच्या पत्रकात तीच ओळ असते: पुस्तकाच्या अमुक प्रती पाठवाव्यात. त्या प्रती परीक्षकांच्या घरी धूळ खातात, नंतर रद्दीत जातात. त्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला. सोबत पुस्तकाची युनिकोड फाइल जोडावी. ती रिद्धपूरच्या विद्यापीठात जतनासाठी ठेवली जाईल, आणि लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही दिली जाणार नाही. विद्यापीठानंही पुढं होऊन ती ठेव स्वीकारावी. ज्याच्याजवळ स्वतःच्या पुस्तकाची फाइल नाही, त्याचं पुस्तक कितीही मोठ्या नावाचं असलं तरी त्या वर्षी स्पर्धेत घेऊ नये.